जमिनीत मुरलेले पेट्रोल



पेट्रोल पंपावर तुम्ही अनेकदा गेला असाल. तेथे पेट्रोल देणारे यंत्र दिसते, नळी दिसते, भराभर सरकणारे आकडे दिसतात. पण पेट्रोल साठवलेले कोठे असते ते मात्र दिसत नाही. ते असते तुमच्या पायाखाली, जमिनीत पुरलेल्या मोठमोठ्या टाक्यांत. पंपाच्या आवारात जी गोल झाकणे दिसतात, ती या टाक्यांपर्यंत पोचण्याची तोंडे. पेट्रोल चटकन पेट घेते, म्हणून ते जमिनीखाली ठेवणे आगीच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे. परंतु जी वस्तू डोळ्यांआड असते, तिची गळतीही डोळ्यांआडच होते.

समजा, अशा एका टाकीला सुईच्या टोकाएवढे भोक पडले आणि त्यातून दर सेकंदाला एक थेंब पेट्रोल गळू लागले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरांहून थोडे अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पेट्रोल जमिनीत जाईल. हे कोणाच्या लक्षात कसे येत नाही, असे तुम्ही विचाराल. पंपावरचे कर्मचारी टाकीत मापपट्टी बुडवून पेट्रोलची पातळी मोजतात हे खरे. पण पेट्रोल उष्णतेने बरेच प्रसरण पावते. दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान केवळ एक अंश सेल्सिअसने बदलले, तरी त्याच्या घनफळात नऊ-दहा लिटरांचा फरक पडतो. या चढउतारात चार लिटरांची चोरी सहज लपून जाते.

अमेरिकेत नेमके हेच घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारी वाढल्या आणि गावोगावी पेट्रोल पंप उभे राहिले. त्यांच्या टाक्या बहुतेक साध्या पोलादाच्या होत्या. ओल्या मातीत पोलाद गंजते, हे सांगायला नको. वीस-तीस वर्षांनी त्या टाक्या एकामागून एक गळू लागल्या. १९८४ मध्ये तेथील संसदेने पुरलेल्या टाक्यांविषयी कायदा केला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा काढून टाकण्यास डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत देण्यात आली. शोध सुरू झाला तसतशी गळतीची ठिकाणे उघडकीस येऊ लागली. आजवर अशा पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद त्या देशात झाली आहे. एका शहराला तर पिण्याच्या निम्म्या पाण्याला मुकावे लागले. त्याची हकिकत पुढे येईलच. त्याआधी, जमिनीत मुरलेले पेट्रोल पुन्हा बाहेर काढणे एवढे अवघड का, ते पाहू.

एक लिटर पेट्रोल, किती लिटर पाणी?

पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतला एक घटक म्हणजे बेन्झीन. दीर्घकाळ पोटात गेल्यास बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून अमेरिकेत पिण्याच्या एका लिटर पाण्यात ५ मायक्रोग्रॅमांपेक्षा अधिक बेन्झीन असू नये, असा नियम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता एक गणित करू. पेट्रोलमध्ये शंभरास एक भाग बेन्झीन आहे असे धरा. एका लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ८.८ ग्रॅम बेन्झीन होईल. याचे मायक्रोग्रॅम करा: ८८ लाख. त्याला ५ ने भागा. उत्तर येते सुमारे साडेसतरा लाख लिटर. दहा हजार लिटरांचे पाण्याचे टँकर तुम्ही पाहिले असतील. एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेन्झीन पाण्यात उतरले, तर असे पावणेदोनशे टँकर पाणी नियमाच्या अगदी काठावर येऊन बसेल! आणि आपली कल्पनेतली टाकी तर वर्षाला दीड हजार लिटर गळत होती.

पेट्रोलची चार घरे

जमिनीत शिरलेले पेट्रोल आधी सरळ खाली जाते. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. वरच्या थरात या पोकळ्यांत हवा असते आणि थोडा ओलावा असतो. आणखी खाली गेलो की एका पातळीपासून सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या आढळतात. हीच भूजलाची पातळी. विहिरीत दिसणारे पाणी साधारण याच पातळीला असते. या प्रवासात पेट्रोल चार ठिकाणी घर करते.

पहिले घर पाण्याच्या माथ्यावर. पेट्रोलची घनता सुमारे ०.७४ आहे. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलापर्यंत पोचले की त्यावर तरंगते आणि आडवे पसरते.

दुसरे घर मातीच्या पोकळ्यांत. खाली उतरताना प्रत्येक बारीक पोकळीत पेट्रोलचे थेंब अडकून राहतात. हे काम केशाकर्षणाचे. याची प्रचीती घ्यायची असेल, तर एक सोपा प्रयोग करा. तळाला छिद्र असलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओली वाळू भरा. वरून हळद कालवलेले दोन चमचे गोडे तेल ओता आणि मग पेलाभर पाणी सोडा. थोडे तेल पाण्याबरोबर खाली येईल, पण बरेचसे वाळूतच राहील. आणखी चार पेले पाणी ओतले तरी ते पुरते निघणार नाही. (हा प्रयोग गोड्या तेलानेच करायचा. पेट्रोल किंवा रॉकेल घेऊन कदापि करू नका.)

तिसरे घर हवेत. पेट्रोलची वाफ सहज होते आणि ती वाफ मातीतल्या हवेत भरून राहते. हवेत शंभरास दीड भाग एवढी पेट्रोलची वाफ झाली, तरी ठिणगी पडताच तिचा भडका उडू शकतो. अशी वाफ तळघरात किंवा गटारात साठली तर काय होते, ते मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराने २२ एप्रिल १९९२ रोजी पाहिले. गंजलेल्या नळातून झिरपलेले पेट्रोल तेथील गटारांत शिरले होते. स्फोटांनी रस्तेच्या रस्ते उखडले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

चौथे घर पाण्यात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत असे आपण म्हणतो, पण ते पूर्णांशाने खरे नाही. बेन्झीनसारखे घटक थोडे का होईना, पाण्यात विरघळतात. एका लिटर पाण्यात शुद्ध बेन्झीन सुमारे १.८ ग्रॅम विरघळते. विरघळलेले रेणू मग भूजलाबरोबर वाहत निघतात आणि शेजारच्या विहिरींकडे जातात.

ही चार घरे नीट लक्षात ठेवा. जमीन साफ करण्याची प्रत्येक युक्ती यांतल्या एखाद्या घरासाठी असते. एकाच युक्तीने चारही घरे रिकामी होत नाहीत.

आधी शोध, मग उपाय

एखादा पंप बंद झाला आणि त्याच्या जागेची सफाई करायची ठरली, की पहिल्याने टाकीतले उरलेसुरले पेट्रोल उपसतात. रिकाम्या टाकीत वाफ असतेच. म्हणून कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायॉक्साइड, आत टाकून तिच्यातली ज्वालाग्राही हवा हुसकून लावतात. मगच टाकी उचलतात. तिच्याखालची माती तपासतात आणि हाताशी येईल तेवढी दूषित माती खणून नेतात. पण खणण्याला मर्यादा आहे. पेट्रोल पाच-दहा मीटर खोल गेले असेल किंवा शेजारच्या इमारतीखाली पसरले असेल, तर किती खणणार?

म्हणून ठिकठिकाणी अरुंद विंधनविहिरी घेतात. त्यांतल्या पाण्याचे नमुने तपासून दूषित पाणी कोठवर गेले ते पाहतात. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यासाठी निदान तीन विहिरी लागतात. तीनच का? एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. तीन विहिरींतल्या पाण्याच्या उंची मोजल्या की भूजलाच्या पृष्ठभागाचे प्रतल मिळते. त्याचा उतार ज्या बाजूला, त्या बाजूला पाणी वाहणार. वाळूच्या जमिनीत ही रीत चांगली चालते. महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणासारख्या खडकात मात्र पाणी भेगांच्या वाटेने वळणे घेत जाते. तेथे तीन विहिरींवर भागत नाही.

चार घरांना चार वाटा

पाण्यावर तरंगणारे पेट्रोल काढणे त्यातल्या त्यात सोपे. विहिरीत पंप सोडून ते वरच्यावर उपसून घेतात. दुधावरची साय काढावी तसे.

पोकळ्यांत अडकलेल्या पेट्रोलसाठी त्याच्याच एका गुणाचा उपयोग करतात. तो गुण म्हणजे चटकन वाफ होणे. जमिनीत सच्छिद्र नळ उभे करून त्यांना हवा खेचणारा पंप जोडतात. पेट्रोलच्या वाफेने भरलेली हवा बाहेर ओढली जाते, तिच्या जागी वरून ताजी हवा येते आणि अडकलेल्या थेंबांची पुन्हा वाफ होऊ लागते. वाऱ्यावर कपडे लवकर वाळतात, तसेच हे. ओढलेली हवा तशीच सोडून चालत नाही. ती सक्रियित कोळशातून नेतात किंवा तिच्यातली वाफ जाळून टाकतात. या कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि हायड्रोकार्बनांचे रेणू त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. यालाच अधिशोषण म्हणतात.

पाण्यात विरघळलेल्या रेणूंसाठी भूजलाच्या तळाशी हवा सोडतात. बुडबुडे वर येताना बेन्झीनचे रेणू पाणी सोडून बुडबुड्यांत शिरतात आणि वरच्या नळांतून हवेबरोबर बाहेर येतात.

एक साधा उपाय तुमच्या मनात आला असेल: पाणी उपसावे, शुद्ध करावे, झाले! प्रारंभी अभियंत्यांनाही तसेच वाटले होते. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे पाणी उपसले गेले. दूषितता आधी झपाट्याने उतरे, मग एका पातळीवर अडून बसे. पंप बंद करावा, तर काही महिन्यांत ती पुन्हा वर चढे. याचे कारण तुमच्या प्रयोगातल्या बाटलीत आहे. पोकळ्यांतले पेट्रोल जोवर तसेच आहे, तोवर नवे पाणी आले की त्यात नवे बेन्झीन उतरणारच. तेलाची बुधली नुसत्या पाण्याने कितीदाही विसळली, तरी पाण्यावर तवंग येतोच ना? शिवाय चिकणमातीच्या थरात शिरलेले रेणू अतिशय मंद गतीने बाहेर येतात. पेट्रोल आत जायला जितका वेळ लागला, त्याहून कितीतरी अधिक वेळ ते बाहेर यायला लागतो.

न दिसणारे मदतनीस

या कामात माणसाला एक मोठे साहाय्य लाभले आहे. मातीत असे जीवाणू असतात की ज्यांना पेट्रोलचे घटक हे अन्न आहे. ते बेन्झीनचे रेणू फोडून त्यांतून ऊर्जा मिळवतात. शेवटी उरतात कार्बन डायॉक्साइड आणि पाणी. मग अडचण कोठे आहे? ऑक्सिजनची. रासायनिक समीकरण मांडले, तर एक ग्रॅम बेन्झीनच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास तीन ग्रॅमांहून थोडा अधिक ऑक्सिजन लागतो. एका लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो फार तर आठ-नऊ मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम बेन्झीनसाठी साडेतीनशे लिटरांहून अधिक ताजे पाणी हवे. तेवढाच ऑक्सिजन हवेतून घ्यायचा तर? अवघी अकरा-बारा लिटर हवा पुरे! म्हणूनच जमिनीत हवा खेळवली की दोन कामे होतात: वाफ बाहेर येते आणि जीवाणूंना श्वास मिळतो. काही ठिकाणी त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरसचे खतही घालतात.

जीवाणूंचे हे काम किती मोलाचे आहे, ते १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या पाहणीने दाखवून दिले. कॅलिफोर्नियातील गळक्या टाक्यांची २७१ ठिकाणे तेथील शास्त्रज्ञांनी अभ्यासली. दहातल्या नऊ ठिकाणी बेन्झीनने दूषित झालेले पाणी टाकीपासून सुमारे ८० मीटरांच्या आतच थांबलेले आढळले. भूजल पुढे जात होते, पण वाटेत जीवाणू बेन्झीन संपवत होते. या निष्कर्षाने अनेकांना हायसे वाटले. परंतु त्याच वर्षी त्याच राज्यात एका वेगळ्याच रेणूने डोके वर काढले.

सँटा मोनिकाचे पाणी

पेट्रोल इंजिनात नीट जळावे म्हणून पूर्वी त्यात शिशाचे संयुग मिसळत. शिसे विषारी, म्हणून त्याला पर्याय शोधण्यात आला. १९७९ पासून अमेरिकेत काही पेट्रोलमध्ये मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर हे द्रव्य घालू लागले. त्याचे छोटे नाव एमटीबीई. त्याच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने पेट्रोल अधिक पूर्णपणे जळते आणि धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. १९९० नंतर हवा स्वच्छ ठेवण्यासाठी त्याचा वापर खूपच वाढला. काही पेट्रोलमध्ये ते शंभरास दहा भागांहूनही अधिक असे.

आता या रेणूला आपली चार घरे दाखवा. बेन्झीन एका लिटर पाण्यात १.८ ग्रॅम विरघळते. एमटीबीई सुमारे ५० ग्रॅम! ते मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही. पाण्यात एकदा शिरले की बुडबुड्यात जायला ते बेन्झीनच्या सुमारे दहापट नाखूष असते. आणि जीवाणूही त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणजे ते राहते चौथ्या घरात आणि भूजलाच्याच गतीने पुढे पुढे जाते.

लॉस एंजेलिसला लागून समुद्रकिनारी सँटा मोनिका हे शहर आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये त्या शहराच्या चार्नॉक येथील विहिरींच्या पाण्यात एमटीबीई आढळले. आसपासच्या पेट्रोलच्या टाक्यांतून आणि नळांतून ते आले होते. पाहता पाहता त्याचे प्रमाण वाढले. एका विहिरीत तर लिटरला सहाशे मायक्रोग्रॅमांच्या वर गेले. पुढे कॅलिफोर्नियाने चव आणि वास यांसाठी ठरवलेली मर्यादा होती लिटरला ५ मायक्रोग्रॅम, कारण याहून फार अधिक नसतानाही पाण्याला टर्पेंटाइनसारखा उग्र वास येऊ लागतो. १९९६ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहर आपल्या सुमारे निम्म्या पाण्याला मुकले. मग दूरवरून कालव्यांनी येणारे पाणी विकत घेण्याची पाळी आली.

कॅलिफोर्नियात २००४ च्या आरंभापासून एमटीबीईवर बंदी आली. न्यायालयीन झगड्यानंतर तेल कंपन्यांनी शुद्धीकरणाच्या खर्चाचा भार उचलण्याचे मान्य केले. चार्नॉकच्या पाण्यासाठी सक्रियित कोळशाची मोठी यंत्रणा उभी राहिली. विहिरींचे पाणी पुन्हा शहराला मिळू लागले ते २०१०-११ च्या सुमारास. विहिरी बंद झाल्या तेव्हा जे मूल पहिलीत होते, ते तोवर महाविद्यालयातून बाहेर पडण्याच्या वयाचे झाले होते.

एमटीबीई घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. हवेच्या दृष्टीने तो चांगला पर्याय होता. पण टाक्या गळतात हे ठाऊक असताना, हा रेणू जमिनीत गेला तर कोठे राहील, हा प्रश्न वेळीच गांभीर्याने विचारला गेला नाही. त्याचे उत्तर द्यायला विद्राव्यतेचे कोष्टक पुरेसे होते.

हाच प्रश्न आजही विचारायला हवा. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. सुदैवाने जीवाणू ते आवडीने खातात. पण ते खाण्यात जमिनीतला ऑक्सिजन संपतो आणि बेन्झीनची पाळी यायला उशीर होतो. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण, असे हे आहे.

राखणे सोपे, काढणे अवघड

अखेर सफाई पुरी झाली असे केव्हा म्हणायचे? शेवटचा रेणू निघेपर्यंत कोणी थांबू शकत नाही. पाण्याचे नमुने नियमाच्या खाली येऊन, यंत्रे बंद केल्यावरही वारंवार खालीच राहिले, शेजारच्या विहिरींना आणि तळघरांना धोका उरला नाही, म्हणजे ती जागा मोकळी करतात. याला काही ठिकाणी दोन-चार वर्षे, तर काही ठिकाणी वीस वर्षेही लागतात.

आता नव्या टाक्या दुहेरी भिंतीच्या करतात. दोन भिंतींमधल्या पोकळीत गळती ओळखणारे उपकरण असते. आतली भिंत फुटली, तर पेट्रोल मातीला लागण्याआधीच सूचना मिळते. पोलाद गंजू नये म्हणून त्यावर काचतंतूंचे कवच चढवतात किंवा त्याला जस्तासारख्या धातूची जोड देतात. मग जस्त झिजते आणि पोलाद वाचते. तुमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या विद्युतघटाचेच हे तत्त्व आहे.

पुढच्या वेळी पेट्रोल पंपावर उभे राहाल, तेव्हा त्या गोल झाकणांकडे एकदा अवश्य पाहा. त्यांच्याखाली पेट्रोल आहे, आणि त्याच्याही खाली कोणाच्या तरी विहिरीचे पाणी आहे. दोहोंमध्ये असते ती केवळ टाकीची एक भिंत आणि ती तपासणाऱ्या माणसाची दक्षता.